तळपायावरची काठी आणि बिनभिंतीचा तुरुंग

टेंभू योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते आणि कडेगाव, खानापूर तालुक्यांतून पुढे थेट आटपाडीच्या माणदेशी माळावर पोहोचते. ऐंशी वर्षांपूर्वी या वाटेवर पाण्याचा ठणठणाट होता. सरहद्दी मात्र चार-चार कोसांवर होत्या. कडेगाव, देवराष्ट्रे, विटा हा इंग्रजी मुलूख, सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा. दक्षिणेला उतरले की कुंडल औंध संस्थानात, आणि पूर्वेला माळ ओलांडून गेले की आटपाडीही औंधचीच. बैल चोरणारा माणूस कुठल्या शिवारात सापडला, यावर त्याला कुणाच्या कोर्टात उभे करायचे आणि कुणाच्या कोठडीत डांबायचे हे ठरत असे.

याच पट्ट्यात १९३९ ते १९४६ या काळात शिक्षेचे दोन प्रयोग झाले. एकीकडे खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना कोठडीतून काढून उघड्या माळावर आणले गेले आणि त्यांच्या हाती नांगर दिला गेला. दुसरीकडे नाडणाऱ्या सावकाराच्या, खबऱ्याच्या, बाईच्या अब्रूला हात घालणाऱ्याच्या तळपायावर गावादेखत काठी बसू लागली. दोन्हींमागे स्वराज्याची ओढ होती आणि दोन्हीकडे गांधींचे नाव घेतले जात होते. गुन्हेगाराचे काय करायचे, या प्रश्नाला मात्र दोघांनी दोन टोकांची उत्तरे दिली. शिक्षा कशासाठी करायची, कुणी करायची आणि ती कधी संपली म्हणायची, हे समजून घ्यायला या दोन प्रयोगांइतका जवळचा धडा दुसरा नाही.

औंधचा राजा आणि पोलंडचा इंजिनिअर

औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रे काढणारे आणि औंधच्या डोंगरावर कलासंग्रहालय उभारणारे राजे म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे सर्वांत धाडसी काम मात्र वेगळेच आहे. वयाच्या सत्तरीत, जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. तिच्या मसुद्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता. धावपळ करणारे दोघे होते. एक राजपुत्र अप्पासाहेब पंत, जे ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आले होते. आणि दुसरे मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधले ज्यू इंजिनिअर, जे बंगळुरूचा विद्युत कारखाना सोडून औंधला आले आणि भारतानंद या नावाने वावरू लागले. हेच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे जात आणि त्यांची संभाषणे जगापुढे आणण्याचे काम त्यांनीच केले.

या घटनेने गावपंचायतींना कारभाराबरोबर न्यायदानाचे अधिकारही दिले. ज्या गावात तंटा झाला, त्याच गावात तो ऐकायचा, अशी त्यामागची धारणा होती. गाव तंटा मिटवू शकते, तर गुन्हेगाराला सांभाळूही शकेल, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल. त्यातून १९३९ मध्येच आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत सुरू झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर.

या वसाहतीला उंच भिंत नाही. टेहळणीचे मनोरे नाहीत. बंदुकीचा पहारा नाही. दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या आणि तुरुंगातली काही वर्षे चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या कैद्याला इथे पाठवले जाते, आणि तो बायकामुलांसह राहतो. वसाहतीचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. महाराष्ट्रात येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी, गडचिरोली अशी खुली कारागृहे आहेत. तिथला कैदी शेतावर काम करतो, पण त्याचे कुटुंब त्याच्यापासून दूरच असते. स्वतंत्रपुरात मात्र त्याचा संसार त्याच्या डोळ्यांसमोर असतो. हजेरी द्यावी लागते, नियम पाळावे लागतात, पण दिवस उजाडला की तो शेतकरीच. भाजी लावायची, पाणी द्यायचे, माल बाजारात न्यायचा, पोरांना आटपाडीच्या शाळेत धाडायचे.

तुरुंगात जे सहसा घडत नाही ते इथे घडते. बंद कारागृहात माणसाला रोज काहीच ठरवावे लागत नाही. उठायचे कधी, खायचे काय, दिवा मालवायचा कधी, सगळे दुसरा ठरवतो. दहा-बारा वर्षे असा राहिलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा एसटीचे तिकीट काढतानाही त्याचा हात थरथरतो. स्वतंत्रपुरातल्या माणसाला वांग्यावर कीड पडली तर औषध आणावे लागते, मुलाला ताप आला तर दवाखान्यात न्यावे लागते, बायकोशी भांडण झाले तर मिटवावे लागते. जबाबदारी निभावायची सवय शिक्षेच्या काळातच पुन्हा लागते.

अशा विश्वासाची उदाहरणे या मुलखात आधीही होती. औंध संस्थानाने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्यासाठी त्यांनी गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे निवडली. चोऱ्या करणाऱ्याच्या हाती तिजोरीची राखण देणे, हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचे वाटले असणार. कारखाना त्या पहाऱ्यात वाढला.

दोन डोळे, सहा खुनी

स्वतंत्रपूरची कथा जगभर गेली ती सिनेमामुळे. ग. दि. माडगूळकर याच मातीतले. गाव माडगुळे, तालुका आटपाडी. शाळा आटपाडी, कुंडल आणि औंधच्या. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आणला. सहा खुनी कैद्यांना घेऊन एक तरुण जेलर ओसाड रानात जातो, त्यांच्याकडून रान पिकवून घेतो, आणि ते पळून जाऊ शकत असताना पळत नाहीत. सिनेमाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलही. बैलाशी झुंजीचा प्रसंग चित्रित करताना शांतारामांच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली होती.

सिनेमात एक गोष्ट फार नेमकी पकडली आहे. कैद्यांनी पिकवलेली भाजी स्वस्तात विकायला येते, तेव्हा बाजारातला बडा व्यापारी उलटतो आणि गुंड पाठवतो. कैदी सुधारला, तरी समाज त्याला जागा द्यायला तयार आहे का, हा प्रश्न तिथे उभा राहतो. आजही खुल्या कारागृहातून सुटलेल्या माणसापुढे हाच प्रश्न उभा असतो. गावात त्याला कुणी कामावर घेत नाही, मुलीचे स्थळ मोडते, घर भाड्याने मिळत नाही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा संपलेली असते. गावाने दिलेली सुरूच राहते, आणि तिला मुदत नसते.

प्रतिसरकारची न्यायमंडळे

आता दुसरा प्रयोग. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्हा पेटला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेकांनी प्राण दिले. १० तारखेला इस्लामपूरला गोळीबारात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या पडले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकाराला आले. कुंडलचा गट जी. डी. बापू लाड यांचा. वाळव्याकडे नागनाथअण्णा नायकवडी, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किसन वीर. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली गेली. कुंडल संस्थानी हद्दीत असल्यामुळे इंग्रज पोलिसांना तिथे मनमानी शिरता येत नसे, आणि औंधच्या राजाची सहानुभूती कुठे होती हे सर्वांना माहीत होते.

रेल्वे आणि खजिने लुटण्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. त्याहून मोठे आणि रोजचे काम होते न्यायदानाचे. इंग्रजी पोलीस भूमिगतांच्या मागे लागल्यावर खेड्यांतल्या चोऱ्यामाऱ्यांकडे पाहायला कुणी उरले नव्हते. दरोडेखोरांच्या टोळ्या मोकाट सुटल्या, त्यांतल्या काही तर स्वातंत्र्यसैनिकांचे नाव सांगून लुटू लागल्या. कोर्ट तालुक्याला, वकिलाची फी परवडत नाही, तारखांवर तारखा, आणि फौजदार सावकाराच्या ओसरीवर चहा पिणारा. अशा वेळी गावात न्यायमंडळे बसू लागली. बांधाचा तंटा, गहाणाची जमीन, भावाभावांतली वाटणी, टाकून दिलेल्या बाईची पोटगी, सगळे प्रश्न तिथे येत. फिर्यादी आणि आरोपी दोघांना गावासमोर बोलायला लावले जाई, पंच ऐकत आणि तिथल्या तिथे निकाल देत. दारूबंदी झाली, हुंड्याला आणि लग्नातल्या उधळपट्टीला आळा बसला, साधी, बिनखर्चाची गांधी लग्ने लागली. सावकाराने गिळलेली जमीन परत मिळालेली कुटुंबे या भागात आहेत.

निकाल न मानणाऱ्याला, खबऱ्याला, बायकांना छळणाऱ्याला शिक्षा होई. ती ‘पत्री’ म्हणून गाजली. घोड्याला नाल ठोकावेत तसे माणसाच्या पायाला पत्रे ठोकत, अशी दंतकथा इंग्रजांनी आणि विरोधकांनी पसरवली. त्या चळवळीतली माणसे, त्यांत २०२२ पर्यंत हयात असलेले प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामभाऊ लाडही आले, ही दंतकथा ठामपणे नाकारत आली. खिळे नव्हते, काठी होती, असे ते सांगत.

ही काठी नेमके काय करत असे, हे जवळून पाहायला हवे. माणसाला पालथे पाडायचे, पाय गुडघ्यात दुमडून धरायचे आणि तळव्यावर फटके द्यायचे. तळव्याखाली चरबीचा जाड थर असतो. तोच चालताना शरीराचे वजन झेलतो. काठीने तो फाटतो, सुजतो, पण कातडीवर फारशी जखम दिसत नाही. त्या माणसाला काही दिवस उभे राहता येत नाही. त्याला घरच्यांनी उचलून न्यावे लागते, आणि सारे गाव ते पाहते. तळव्याचा थर नीट भरून आला नाही, तर वर्षानुवर्षे चालताना कळ येत राहते. संयुक्त राष्ट्रांनी छळाचे पुरावे नोंदवण्यासाठी मान्य केलेल्या १९९९ च्या इस्तंबूल नियमावलीत तळव्यावर मारण्याच्या या प्रकाराची छळ म्हणून स्वतंत्र नोंद आहे.

आणि तरीही या मुलखातली वृद्ध माणसे प्रतिसरकारच्या न्यायाबद्दल आदराने बोलत. त्याची कारणे खरी होती. शिक्षा लगेच होत असे. ती कशासाठी झाली हे सर्वांना ठाऊक असे. मोठ्या घरचा माणूसही सुटत नसे. चोरीला गेलेले परत मिळे. आणि शिक्षा झालेला माणूस, पाय बरे झाले की, पुन्हा त्याच गावात आपल्या शेतावर जाऊ शकत असे. इंग्रजी न्यायात यांतले काहीच मिळत नव्हते.

पण जे नव्हते तेही मोजले पाहिजे. वर दाद मागायला जागा नव्हती. जुन्या वैरातून कुणी एखाद्यावर खबरी असल्याचा आळ घेतला, तर तो खोटा ठरवायला साक्षीपुरावा तपासणारे दुसरे मंडळ नव्हते. भूमिगतांच्या जिवावर बेतलेले असताना सावकाश चौकशीला सवडही नव्हती. काही दरोडेखोरांना आणि खबऱ्यांना जीवही गमवावा लागला. तळवा चुकून सुजला तर तो बरा होण्याची आशा असते. चुकून घेतलेला जीव परत देता येत नाही. प्रतिसरकारचे शौर्य मान्य करूनही हे लिहावे लागते, कारण त्याच्या लोकप्रियतेचा दाखला देऊन आजही झटपट न्यायाची मागणी होते.

त्या मागणीचे मूळ काय, हे नागपूरने २००४ मध्ये दाखवले. कस्तुरबानगरात अनेक वर्षे दहशत माजवणारा अक्कू यादव पुनःपुन्हा जामिनावर सुटत राहिला आणि १३ ऑगस्टला वस्तीतल्या बायकांनी त्याला न्यायालयाच्या आवारातच ठार मारले. खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये निर्दोष सुटले. त्या बायकांनी आधी पोलिसांकडे धाव घेतली नव्हती असे नाही. राज्ययंत्रणा शिक्षा करायची टाळते, तेव्हा शिक्षा थांबत नाही. ती जमावाच्या हाती जाते. आणि जमाव नेहमी अपराध्यालाच गाठतो असेही नाही.

जन्माची शिक्षा

जमाव निरपराधांनाही गाठतो, याचा सर्वांत कडू पुरावा याच जिल्ह्यांत आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्या एका कारणावरून सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. माडगूळकरांच्या घराला त्या आगीची झळ बसली. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे. घरे जाळणाऱ्यांना आपण गुन्हा करतो आहोत असे वाटत नव्हते. आपण शिक्षा देतो आहोत, असेच त्यांना वाटत होते.

जमावाने दोन-चार दिवसांत केले ते इंग्रजी कायद्याने ऐंशी वर्षे केले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारधी, कैकाडी, बेरड अशा कितीतरी जमातींच्या लोकांना ठाण्यात हजेरी लावावी लागे, गाव सोडताना दाखला घ्यावा लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. स्वतंत्रपूरसारखीच तिथेही कुटुंबे राहत होती, पण केवढा फरक! एकीकडे गुन्हा सिद्ध झालेल्या माणसावर विश्वास टाकलेला, दुसरीकडे काहीच न केलेल्या माणसाला कुंपणात कोंडलेले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात विचारून पाहावे.

ज्या कुटुंबाने १९४८ ची आग सोसली, त्यातल्या मोठ्या भावाने दहा वर्षांच्या आत खुनी माणसांवर विश्वास ठेवायला सांगणारी कथा लिहिली. शिक्षेवरच्या कुठल्याही चर्चेत ही गोष्ट सांगायला हवी.

शिक्षेची चार कामे

शिक्षा कशासाठी, याची उत्तरे जगभरच्या विचारवंतांनी साधारण चार दिली आहेत. केल्याचे फळ मिळावे म्हणून. इतरांना धाक बसावा म्हणून. गुन्हेगाराला पुन्हा गुन्हा करायला वाव राहू नये म्हणून. आणि तो सुधारावा म्हणून. चारही कारणांना अर्थ आहे, आणि चारही एकमेकांना छेद देतात. धाक बसवायचा तर शिक्षा जाहीर आणि जबर हवी. सुधारायचे तर अपमान टाळायला हवा. तुरुंगात डांबून समाज सुरक्षित राहतो, पण डांबलेला माणूस तिथे सराईत गुन्हेगारांकडून धडे घेऊन येतो.

इटलीत चेझारे बेकारिया याने १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती होणारच याची खात्री किती आहे, यावर धाक अवलंबून असतो, हा त्याचा मुख्य मुद्दा. देहदंडाला आणि छळाला त्याने विरोध केला. त्यानंतर नऊ वर्षांनी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. राघोबांनी ते घेतले नाही आणि रामशास्त्री पद सोडून निघून गेले. शिक्षा अमलात आली नाही, तरी महाराष्ट्र ती अडीचशे वर्षे विसरलेला नाही. कारण त्या निवाड्याने गुन्ह्याला गुन्हा म्हटले, आणि तेही सत्ताधाऱ्याच्या तोंडावर. शिक्षेचे हे पाचवे काम आहे आणि ते बहुधा यादीत नसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने समाजाने जाहीर उभे राहणे, हे ते काम.

या कसोटीवर स्वतंत्रपूरही अपुरे पडते. खुनी माणूस संसार करतो, शेती करतो, हे चांगलेच. पण ज्याचा खून झाला त्याच्या बायकोने काय करायचे? तिचा संसार कुणी परत दिला? सुधारणेची बाजू मांडणारे बहुतेक जण इथे गप्प राहतात. प्रतिसरकारच्या न्यायमंडळांना हे जास्त कळत होते, कारण फिर्यादी त्यांच्यासमोर बसलेला असे आणि त्याचे गेलेले त्याला मिळवून देणे हा निकालाचाच भाग असे. आपल्या फौजदारी कायद्यात मात्र फिर्यादी सरकार असते. पीडिताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावतात आणि काम झाले की घरी पाठवतात. महाराष्ट्रात २०१३ मध्ये सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेने बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्यांना अर्थसाहाय्य आणि पुनर्वसनाची वाट दाखवली, तीही शिक्षेच्या निकालावर न थांबता. ही दिशा योग्य आहे. ती इतर गुन्ह्यांपर्यंत जायला हवी.

बेकारियाचा खात्रीचा मुद्दाही जवळचाच. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. जवळपास अकरा वर्षे थांबलेल्या कुटुंबाला फाशी द्या की जन्मठेप, या वादापेक्षा तपास वेळेवर आणि नीट का झाला नाही, हा प्रश्न जास्त जाळत असतो. ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच फाशी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवले. आपली सारी चर्चा त्या एका टोकाभोवती फिरते आणि रोजच्या हजारो शिक्षांकडे कुणाचे लक्ष नसते.

निकालाआधीची शिक्षा, निकालानंतरची शिक्षा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे कच्चे कैदी. दर चारांतले तीन. यांतले अनेक जण जामिनाची रक्कम भरू शकत नाहीत म्हणून आत आहेत. उद्या निर्दोष सुटले तरी आतले दिवस त्यांना परत मिळणार नाहीत, आणि त्या दिवसांत ऊस कुणी तोडला, शेळ्या कुणी विकल्या, पोरगी शाळेतून का निघाली, याची नोंद कुठल्याच निकालपत्रात नसते.

तुरुंग माणसाला काय देतो, हे आत कोण आहे यावर फार ठरते. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९३२ मध्ये येरवड्याला गेले, तेव्हा तिथे त्यांना आचार्य भागवत, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसे भेटली, वाचायला पुस्तके मिळाली, वाद घालायला सोबती मिळाले. घडलेला तरुण बाहेर आला आणि पुढे मुख्यमंत्री झाला. किरकोळ चोरीत सापडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला आज बराकीत कोण भेटते, हा विचार गृहखात्याने आणि आपण सर्वांनी करायचा आहे.

निकालानंतरच्या शिक्षेवर महाराष्ट्राने एक मोठे पाऊल उचलले आहे. जातपंचायतीने वाळीत टाकणे ही शिक्षा शतकानुशतके चालली. बोलणे बंद, देणेघेणे बंद, मयताला खांदा नाही. दाभोलकरांनी उभारलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून तिच्याविरुद्ध चळवळ चालवली आणि सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. आंतरजातीय लग्न करणाऱ्याला वाळीत टाकणे आता गुन्हा आहे. मात्र शिक्षा भोगून आलेल्या माणसाला गाव अघोषितपणे वाळीत टाकते, तेव्हा कुणीच तक्रार करत नाही, आणि बहुतेकांना त्यात वावगे काही वाटतही नाही.

पुढची वाट

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी करून माल परत देणारा, दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणारा, अब्रुनुकसानी करणारा, अशा मोजक्या सहा गुन्ह्यांत न्यायाधीश आता तुरुंगाऐवजी समाजोपयोगी काम सांगू शकतात. ही तरतूद लहान आहे, पण तिच्यात स्वतंत्रपूरचे बीज आहे. माणूस गावातच राहतो, काम करतो आणि सर्वांच्या देखत देणे फेडतो.

ती कागदावर राहू नये यासाठी तालुक्याच्या पातळीवर तयारी लागते. न्यायाधीशाने आदेश दिला, तर काम कोणते द्यायचे, देखरेख कुणी करायची, हजेरी कोण लिहिणार, काम करणाऱ्याचा पाणउतारा होणार नाही हे कोण पाहणार? कडेगावसारख्या तालुक्यात सागरेश्वरच्या डोंगरावरची रोपे जगवण्यापासून ग्रामीण रुग्णालयाच्या आवारापर्यंत कामे भरपूर आहेत. ग्रामपंचायत, शाळा, वनखाते आणि न्यायालय यांनी एकत्र बसून कामांची यादी करून ठेवली, तर तरतुदीला हातपाय फुटतील.

स्वतंत्रपूर ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे, पण तिथे जागा आहे ती जेमतेम तीसेक कैद्यांना. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत चाळीस हजारांहून जास्त माणसे आहेत. राजस्थानने जयपूरजवळ सांगानेरला १९६३ मध्ये खुले कारागृह सुरू केले आणि तिथे आज शेकडो कैदी कुटुंबासह राहतात, शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या कारागृहांच्या जागा कमी करू नयेत असे बजावले, तेही सांगानेरच्या जमिनीवरूनच. नॉर्वेतल्या बास्टोय बेटावरचा तुरुंग पाहायला जगभरचे अधिकारी जातात. त्याच्या कितीतरी आधीपासून आटपाडीच्या माळावर हे काम चालू आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक महसुली विभागात स्वतंत्रपूरसारखी एक तरी कुटुंब वसाहत सुरू व्हावी. तिथल्या कैद्याच्या कमाईतला ठरावीक वाटा त्याने ज्यांचे नुकसान केले त्या कुटुंबाकडे जावा, आणि तो कुणाला गेला हे त्याला माहीत असावे. सुटकेच्या आधी सहा महिने त्याच्या गावच्या ग्रामसभेशी बोलणी सुरू व्हावीत, त्यात पीडित कुटुंबालाही बोलावले जावे आणि त्यांचे म्हणणे लिहून घेतले जावे. यासाठी पैसा फार लागणार नाही. जमीन सरकारकडे आहे, टेंभूचे पाणी आटपाडीपर्यंत आलेले आहे, आणि खुनी माणसाला नांगर दिला तर काय होते याचा आठ दशकांचा अनुभव त्याच तालुक्यात उपलब्ध आहे.